शुक्रवारच्या शेफर्ड्स पायची तयारी, हलक्या हाताने

सगळ्यात आधी मॅशर शोधा. खिमा, बटाटे, ओव्हन हे सगळं नंतर. आमचं घर ज्यू आणि कोशर, म्हणजे धर्माच्या आहारनियमांनी चालणारं: मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचं नाही, दोन्हींची भांडीही वेगळी. शिवाय शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू झाला की स्वयंपाक बंद. बटाटे कुस्करायचा मॅशर बहुतेक घरांत दुधाच्या भांड्यांच्या खणात पडलेला असतो, कारण एरवी कुस्करलेल्या बटाट्यात लोणीच जातं. तो गरम बटाट्यात एकदा फिरला की ते बटाटे खिम्यावर पसरता येत नाहीत, आणि हे नेमकं शुक्रवारी दुपारी लक्षात येतं. इस्रायलमधल्या अश्दोदच्या आमच्या स्वयंपाकघरात मांसाच्या खणात लाल मुठीचा वेगळा मॅशर आहे. त्याच खणातून सुरी आणि कापायचा पाट काढून ठेवा. कांदा तिखट असल्यामुळे तो सुरीची चव ओढून घेतो असं आपल्याकडे मानतात, म्हणून दुधाच्या सुरीने चिरलेला कांदा इथे चालत नाही. दोन-अडीच लिटरचं काचेचं पसरट भांडं आणि भांडी घासायचा लाल स्पंजही जवळ ठेवा.

आमच्याकडे हा पदार्थ सुनेच्या माहेराहून, मँचेस्टरहून आला. खाली खिमा, वर बटाट्याचा जाड थर, आणि ओव्हनमध्ये खरपूस भाजलेली वरची बाजू. मेंढीचा खिमा असेल तर शेफर्ड्स पाय, गाईचा असेल तर कॉटेज पाय. नेहमीच्या इंग्रजी पद्धतीत बटाट्यात लोणी आणि दूध पडतं, वर बरेच जण चीजही किसतात. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ ही आज्ञा तोरामध्ये, म्हणजे आपल्या धर्मग्रंथात, तीनदा आली आहे, त्यामुळे कोशर घरात लोणी, दूध, चीज हे तिन्ही आपोआप गळतात. हलकं करण्याचं अर्धं काम तिथेच होतं. पण मग लोक लोण्याच्या जागी तेवढंच मार्गरीन आणि दुधाच्या जागी बिनदुधाचं क्रीम ओततात. गेलेलं जडपण मागच्या दाराने परत येतं. यजमानांचं कोलेस्टेरॉल वाढल्यापासून ही अदलाबदल मी पूर्ण थांबवली, आणि चवीत काही कमी पडलं असं घरात अजून कुणी म्हटलेलं नाही.

गुरुवारी खिमा आणा. मी टर्कीच्या मांडीचा, लालसर मांसाचा घेते. छातीचा खिमा आणखी हलका असतो, पण ओव्हनमध्ये कोरडा पडतो. टर्कीला हिब्रूत ‘होदू’ म्हणतात आणि होदू म्हणजेच हिंदुस्थान, त्यामुळे दुकानात ‘अर्धा किलो होदू’ मागताना मला दर वेळी अलिबाग आठवतं. मेंढीचाच हवा असेल तर खांद्याचा, समोर चरबी काढून घेऊन मगच दळायला सांगा. सहा माणसांना अर्धा किलो पुरतो, कारण सोबत शंभर ग्रॅम अख्खे मसूर जातात. मसूर गुरुवारी रात्रीच निवडून धुऊन ठेवा. तोरातल्या गोष्टीत एसावने धाकट्या भावाकडच्या ज्या मसुरांच्या कालवणासाठी थोरलेपणाचा हक्क सोडला, ते हे मसूर. खिम्यात ते इतके मुरतात की वेगळे कळत नाहीत.

मिठाचं जरा सांगते. रक्त निघून जावं म्हणून आजी मांस अर्धा तास पाण्यात भिजवून, तासभर जाड मिठात ठेवून, तीनदा धुऊन मगच चुलीवर चढवायची. आता हे काम दुकानातच झालेलं असतं, पण मिठाचा अंश मांसात उरतो. म्हणून खिमा पूर्ण शिजून तुम्ही चाखेपर्यंत मिठाच्या बरणीला हात लावू नका. सूपची पावडर तर घरात असली तरी बाहेर काढू नका, ती निव्वळ मीठच असते.

वूस्टर सॉसची बाटली इंग्रजी कृतीत हमखास असते. तिच्यावरची घटकांची यादी वाचा. त्यात बहुधा अँकोव्ही, म्हणजे मासळी असते, आणि मांस व मासे एकत्र शिजवायचे नाहीत ही आपली रीत आहे. मासळीविना बाटलीही मिळते, पण मी दोन चमचे चिंचेचा कोळ आणि चिमूटभर गूळ वापरते. वूस्टर सॉसमध्येही चिंच असतेच, म्हणून चव फार लांब जात नाही.

आता बटाटे. किलोभर बटाट्यांऐवजी सहाशे ग्रॅम पिठूळ बटाटे आणि चारशे ग्रॅम नवलकोल. हलकं म्हटलं की सगळे फ्लॉवर सुचवतात, पण फ्लॉवरच्या तुऱ्यांतली कीड शोधायला शुक्रवारी वेळ कुणाला आहे? नवलकोल सोलला की स्वच्छ. तो बटाट्याच्या आधी दहा मिनिटं उकळत टाका, नाहीतर गाठी राहतात. शिजल्यावर निथळा, पण वाटीभर पाणी राखून ठेवा. रिकाम्या गरम पातेल्यात दोन मिनिटं परतून ओल उडवा आणि मग राखलेलं पाणी थोडं थोडं आणि दोन चमचे ऑलिव्ह तेल घालत कुस्करा. मिक्सर लावलात तर खळ होते.

नारळाचं दूध का नाही, असं आपल्यातले हमखास विचारतील. बेने इस्रायल, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंच्या, घरांत मटणाच्या रश्शाला तेच दूध, आणि ते घालणं कोशरच आहे. क्राकूवचे सोळाव्या शतकातले रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी बदामाच्या दुधाबद्दल लिहिलंय की मांसात घातलं तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे ते जनावराचं दूध आहे असा बघणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. कोकणात नारळाबद्दल असा गैरसमज कुणाचा झाला नसता. मला ते फार आवडतं, पण त्यातही चरबी भरपूर असते, म्हणून ते सणाच्या रश्शासाठी राहू दे.

शुक्रवारी सकाळी मसूर वेगळे उकडून घ्या. दोन कांदे, दोन गाजरं आणि दोनशे ग्रॅम मशरूम बारीक चिरा. एक चमचा तेलात कांदा चांगला तांबूस होऊ द्या, इथे घाई नको. मग गाजर, मशरूम, खिमा, चमचाभर टोमॅटो पेस्ट, तमालपत्र, मिरी, शेवटी मसूर आणि चिंच. रस आटून मिश्रण दाट झालं की भांड्यात पसरून गार होऊ द्या. गरम खिम्यावर गरम बटाटे टाकले की ते खाली बुडतात. वरून काट्याने रेघा ओढा. अंडं आधी ग्लासात फोडून रक्ताचा ठिपका नाही ना पाहा आणि फक्त पिवळा बलक ब्रशने लावा. चीजची आठवण येणार नाही असा रंग चढतो. दोनशे अंशांवर तीस मिनिटं.

वेळेचा हिशेब सूर्याकडून उलटा करा. डिसेंबरात इथे पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो आणि शब्बाथच्या मेणबत्त्या त्याच्या अठरा मिनिटं आधी लागतात, म्हणजे पाय तीन वाजता ओव्हनमध्ये हवा. बाहेर काढून फॉइल सैल झाका, घट्ट झाकलं तर वरचा पापुद्रा मऊ पडतो, आणि मेणबत्त्यांच्या आधी पलात्यावर, म्हणजे शब्बाथला अन्न गरम ठेवणाऱ्या विजेच्या तव्यावर, ठेवा. मांसानंतर लगेच दुधाचं काही चालत नाही, म्हणून जेवणानंतर आइस्क्रीम मिळणार नाही आणि चहा कोराच असेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. मी डाळिंब सोलून ठेवते.