लंडनमध्ये जुनी गाडी घेताय? आधी युलेझ समजून घ्या

परवा पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलाने मला गाडीचा फोटो पाठवला, २०१३ ची डिझेल, दिसायला चकाचक, आणि खाली लिहिलं, दादा एवढ्या स्वस्तात मिळतेय, घेऊ का? मी ऑफिसमधून उठून बाहेर जाऊन त्याला फोन लावला आणि पहिलं वाक्य बोललो ते म्हणजे घेऊ नकोस. कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच, डिझेल म्हणजे अ‍ॅव्हरेज चांगलं. माझ्याही होतं. २०१२ ची डिझेल घेऊन मी लंडनच्या कडेच्या हॅरोमध्ये मजेत फिरत होतो, आणि २९ ऑगस्ट २०२३ ला युलेझ अख्ख्या लंडनला लागू झाला. त्या दिवसापासून मुलीला स्विमिंगला सोडायला दीड माइल गेलो तरी साडेबारा पाउंड. शेवटी गाडी लंडनबाहेरच्या एकाला विकली, किती तोट्यात ते विचारू नका.

तर नीट सांगतो. युलेझ (अल्ट्रा लो एमिशन झोन) म्हणजे जुन्या, जास्त धूर ओकणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा चार्ज. २०१९ च्या एप्रिलमध्ये मध्य लंडनपुरता सुरू झाला, २०२१ मध्ये नॉर्थ आणि साउथ सर्क्युलर या रिंगरोडपर्यंत पसरला आणि मग लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय भागांमध्ये. कार, मोटरसायकल, साडेतीन टनापर्यंतची व्हॅन यांना दिवसाला १२.५० पाउंड, २४ तास, शनिवार-रविवारसकट, सुटी फक्त ख्रिसमसच्या दिवशी. चार्ज टाळायचा तर धुराच्या मानकानुसार पेट्रोल गाडी युरो ४ पाहिजे, म्हणजे साधारण २००६ नंतरची, आणि डिझेल युरो ६, म्हणजे साधारण सप्टेंबर २०१५ नंतरची. त्यामुळे होतं असं की २००७ ची खटारा पेट्रोल गाडी फुकटात फिरते आणि २०१३ ची चकाचक डिझेल रोज पैसे देते. वर्षावर जाऊ नका मात्र, लंडनची वाहतूक सांभाळणाऱ्या टीएफएलच्या साइटवर गाडीचा नंबर टाकायचा, एका मिनिटात कळतं, आणि हे गाडी बघायला जायच्या आधी करायचं. विकणारा आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नका, मला नव्हतं सांगितलं.

नवीन माणूस फसतो तो दुसऱ्याच गोष्टीत. आपल्याकडे टोल म्हणजे नाका, रांग, फास्टॅगचा आवाज, पैसे कटल्याचा मेसेज. इथे नाका नाही, अडवणारा कोणी नाही, मेसेजही नाही. रस्त्याकडेला एक हिरवा बोर्ड आणि खांबावर नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा, बास. पैसे आपण आठवणीने भरायचे, गाडी चालवलेल्या दिवसानंतर तिसऱ्या दिवशी रात्री बारापर्यंत. नाही भरले तर पत्र येतं, १८० पाउंड, १४ दिवसांत भरले तर ९०. आणि पत्र जातं लॉगबुकवरच्या, म्हणजे आपल्या आरसी बुकसारख्या कागदावरच्या पत्त्यावर! आपण पहिल्या दोन वर्षांत चार घरं बदलतो, लायसन्सवर पत्ता बदलतो आणि समजतो की झालं, पण लॉगबुकचा पत्ता वेगळा बदलावा लागतो. माझ्या ओळखीतल्या एकाची पत्रं सहा महिने जुन्या घराच्या पायपुसण्याखाली साठत होती आणि रक्कम तिकडे वाढत होती. त्यामुळे सरळ टीएफएलचं ऑटो पे लावून टाका, पैसे आपोआप कटतात आणि ते लावणं फुकट आहे. गूगलवर वर दिसणाऱ्या भलत्याच साइटवरून भरू नका, त्या वर आपलं कमिशन लावतात.

दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, हे गणपतीत लक्षात येतं. आरती, जेवण, गप्पा करून रात्री साडेबाराला घरी निघालात की दोन दिवसांचे २५ पाउंड. गाडी नुसती पार्क असेल तर मात्र काही नाही.

कंजेशन चार्ज ही आणखी वेगळी भानगड, दोन्ही एकच समजू नका. तो फक्त मध्य लंडनमध्ये, २००३ पासून, सुरुवातीला ५ पाउंड होता, २ जानेवारी २०२६ पासून १८ झालाय. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६, शनिवार-रविवारी दुपारी १२ ते ६. इलेक्ट्रिक गाडीला आधी माफ होता, ते आता संपलं, ऑटो पे असेल तर इलेक्ट्रिक कारला २५ टक्के सूट मिळते. जुनी डिझेल घेऊन आत गेलात तर दोन्ही मिळून साडेतीस पाउंड, त्यापेक्षा ट्यूब, म्हणजे मेट्रो बरी.

आता धंदावाल्यांचं. हाउन्स्लोला डबे पोचवणाऱ्या आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, व्हॅन २०१४ ची डिझेल. आठवड्याला पाच दिवस, वर्षाला ४८ आठवडे धरले तर सरळ ३००० पाउंड. डब्यामागे किती सुटतात ते स्वयंपाक करणाऱ्यालाच माहीत. जुनी गाडी मोडीत काढायला पैसे देणारी सरकारी स्कीम होती, ती सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आता नव्याने येणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये. काकूंनी काय केलं, तर चार्ज फेरीवर नाही, दिवसावर लागतो हे ओळखून सगळी डिलिव्हरी तीन दिवसांत बसवली, फ्रीजमध्ये टिकणाऱ्या भाज्या वाढवल्या, आणि वर्षभराने सेकंडहँड पेट्रोल व्हॅन घेतली. धंद्यासाठी भरलेला चार्ज टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येतो, दंड मात्र नाही, एवढं अकाउंटंटकडून समजून घ्या. प्लंबर, बिल्डर वगैरे जुन्या व्हॅनवाले बिलात ही रक्कम लावतात, कोटेशन घेताना आधीच विचारा.

लोक चिडले होतेच, कॅमेरे तोडले गेले, २०२३ ची अक्सब्रिजची पोटनिवडणूक लेबर पक्ष ४९५ मतांनी हरला तो यावरूनच असं म्हणतात. मीही चिडलो होतो. पण लंडनमधल्या लेविशमची ९ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा दम्याने गेली आणि २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं, हे वाचल्यावर मुलीचा इनहेलर हातात घेऊन मी थोडा गप्प झालो. मला राग आहे तो एवढाच की पैसेवाल्याने गाडी बदलली आणि विषय संपवला, काकूंना वर्ष लागलं.

स्लाउ आणि वॉटफर्ड लंडनच्या बाहेर, तिथे युलेझ नाही, पण हीथ्रो आत आहे, तेव्हा स्लाउचा मित्र जुन्या डिझेलने तुम्हाला घ्यायला आला तर साडेबारा पाउंड तुम्ही द्या, विमानतळाचं पार्किंग वेगळं. आणि बर्मिंगहॅम, ब्रिस्टॉललाही असाच चार्ज आहे, पण तिथे टीएफएलचं ऑटो पे चालत नाही, तिथला चार्ज सरकारी साइटवर वेगळा भरायचा, बर्मिंगहॅमला कारचे दिवसाला ८ पाउंड, ब्रिस्टॉलला ९.