अवजारे उचलण्यापूर्वी: उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी तयारीची यादी

प्रात्यक्षिकाची तयारी आदल्या दिवशी सुरू होते, आणि तीही वाचनाने. उद्या फवारणी असेल तर बाटलीवरचे लेबल आणि आतले माहितीपत्रक आजच पूर्ण वाचा. बहुतेक जण मात्रा पाहून थांबतात. पण फवारणीनंतर किती तास बागेत शिरायचे नाही, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, कोणते हातमोजे चालतात, मधमाश्या आणि मासे यांच्याबद्दल काय इशारा आहे, हे सगळे पुढे बारीक अक्षरांत असते. लेबलचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये ठेवा. विषबाधा झाली तर डॉक्टर सक्रिय घटकाचे नाव विचारतात, आणि ‘ती निळी बाटली होती’ या उत्तराने त्यांचे काही भागत नाही. धनुर्वाताच्या लसीची तारीखही पाहून घ्या. बूस्टर दर १० वर्षांनी घ्यायचा असतो. मातीने माखलेली खोल जखम झाली आणि मागच्या डोसला ५ वर्षांहून जास्त काळ लोटला असेल, तर तो लवकर घ्यावा लागतो.

सकाळी बागेत गेल्यावर पहिली फेरी रिकाम्या हातांनी मारा. आपल्याला कशाने इजा होईल आणि आपल्यामुळे कोणाला होईल, हे दोन्ही एकाच फेरीत पाहायचे. अभ्यासक्रमात सुरक्षितता एका प्रकरणात आणि अधिवास दुसऱ्या प्रकरणात असतो. ही विभागणी मला कधीच पटली नाही, कारण बागेत दोन्हींची जागा बहुधा एकच असते. दगडांच्या ढिगात साप-विंचू असू शकतात, म्हणून तिथे हात घालायचा नाही. त्याच ढिगात किडे फस्त करणारे बेडूक आणि पालीही राहतात, म्हणून कारण नसताना तो हलवायचाही नाही. वठलेली फांदी वाटेवर लोंबत असेल तर उतरवा. ती कोपऱ्यात, कोणाच्या डोक्यावर येणार नाही अशी असेल तर राहू द्या, तिच्या ढोलीत कोणीतरी नांदत असते. उन्हातल्या उघड्या जमिनीवर बोटाएवढी किंवा त्याहून बारीक छिद्रे दिसली तर तिथे काडी रोवून खूण करा. मधमाश्यांच्या सुमारे ७० टक्के जाती जमिनीत घर करतात. सगळीकडे जाड आच्छादन पसरण्याच्या उत्साहात त्यांचे दरवाजे बुजतात, हे फारसे कोणी सांगत नाही.

आता फवारणी. यादीतला सर्वांत मोठा भाग हाच, कारण इथे चुका सर्वांत जास्त होतात. मूळ औषध मोजून टाकीत ओतताना धोका सर्वाधिक असतो, तरी नेमके तेव्हाच लोक ‘अजून सुरुवात कुठे झाली’ म्हणून हातमोजे खिशात ठेवतात. हातमोजे नायट्राइलचे (एक प्रकारचे कृत्रिम रबर) हवेत. चामड्याचे आणि कापडी मोजे औषध शोषून घेतात आणि मग तासन्‌तास त्वचेला लावून ठेवतात. खाली वाकून फवारायचे असेल तर बाही मोज्यावरून, आणि डोक्याच्या वर फवारायचे असेल तर मोजा बाहीवरून, काठ दुमडून, म्हणजे ओघळ आत शिरत नाही. पॅन्ट नेहमी बुटांच्या बाहेर. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. लेबलवर श्वसनयंत्र लिहिले असेल तर योग्य काडतूस (वाफ अडवणारी गाळणी) लावलेलेच घ्या. दाढी असेल तर ते चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हेही लक्षात असू द्या. लघवीला जाण्यापूर्वी हात धुवा. यात हसण्यासारखे काही नाही: कपाळ आणि जांघेची त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी पट जास्त औषध शोषते.

वेळेचा प्रश्न खरा अवघड आहे. मधमाश्या दिवसा फुलांवर असतात, म्हणून संध्याकाळी फवारा, असे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण सूर्य कलल्यावर वारा पडला की जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो आणि वर उबदार हवा बसते. अशा वेळी बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि दूरवर सरकतात. पहाटेच्या निवांत हवेतही हेच घडते. अगदी वारा नसणे म्हणजे सुरक्षित, हा समज म्हणूनच सोडा. ताशी ३ ते १५ किलोमीटरची, एकाच दिशेने वाहणारी झुळूक बरी. थोडा धूर करून पाहा: वर जाऊन विरला तर ठीक, आडवा पसरून थरासारखा लटकला तर त्या दिवशी पंप खाली ठेवा. दाब कमी आणि नोझल जाड थेंबांचे असेल तर औषध कमी वाहवते. १५० मायक्रॉनपेक्षा लहान थेंब वाऱ्याचे गुलाम असतात. ते तुमच्या डोळ्यांत जातात आणि कुंपणावरच्या रानफुलांवरही.

झाडाखालचे तण फुललेले असेल तर फवारणीच्या आधीच कापा, नाहीतर मुख्य पिकाला फुले नसली तरी मधमाश्या खाली हजर असतात. बुरशीनाशक म्हणजे मधमाश्यांना निरुपद्रवी, असेही धरू नका. ट्रायझोल गटातल्या काही बुरशीनाशकांसोबत काही कीटकनाशके त्यांना अधिक घातक ठरतात. ‘सेंद्रिय’ शब्दानेही सैल पडू नका. सेंद्रिय बागेतही वापरल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातले तांबे मातीत साचत जाते, गांडुळांना बाधते आणि पाण्यातल्या जिवांना विषारी असते.

टाकी भरताना नळीचे टोक औषधाच्या पाण्यात बुडवायचे नाही. दाब गेला तर तेच पाणी उलटे नळीत ओढले जाऊन विहिरीत किंवा पाण्याच्या टाकीत पोचते. मिश्रण ओढा-तळ्यापासून दूर करा आणि काठालगतचा पट्टा न फवारता सोडा; किती रुंद, ते लेबल सांगेल. रिकामी बाटली तीनदा विसळा, विसळलेले पाणी पंपातच ओता, मग तिला भोके पाडा.

छाटणीच्या दिवशी आधी घरटी शोधा. झुडपात पाखरू वारंवार चोचीत काहीतरी घेऊन शिरत असेल, तर ते झुडूप पिल्ले उडेपर्यंत शेवटच्या क्रमांकावर ढकला. सगळे पोकळ देठ जमिनीलगत सपाट कापू नका, काही वीतभर उंच ठेवा. एकट्याने राहणाऱ्या मधमाश्या त्यात अंडी घालतात. गुलाबाचा काटा रुतला आणि काही दिवसांनी तिथे गाठ किंवा न भरणारा फोड आला, तर काटा टोचल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी अशीच शरीरात शिरते. खत-मातीची पिशवी तोंडाजवळ धरून फाडू नका. कात्रीने कापा आणि आतला माल किंचित ओला करा, कारण त्या धुळीतून लिजिओनेला जिवाणू फुप्फुसात जाऊ शकतो.

यंत्रांचे थोडक्यात. ब्रशकटर (गवत-झुडपे कापण्याचे यंत्र) चालू असताना १५ मीटरच्या आत कोणी नको. ८५ डेसिबल आवाज ८ तास सहन होतो असे धरले, तर दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. कानाला संरक्षण लावणे ऐच्छिक नाही. शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर. उन्हात नवख्या माणसाने पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा भागच करावा आणि रोज तेवढाच वाढवावा. तहान लागायची वाट न पाहता दर १५–२० मिनिटांनी पेलाभर पाणी.

चर खणायचा असेल तर आधी मोठ्या झाडांची अंतरे मोजा. मुळे बहुतांशी वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतात. ब्रिटिश मानकात खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ राखायला सांगितले आहे: ३० सेंटिमीटर खोड असेल तर ३.६ मीटर. त्या वर्तुळात ट्रॅक्टर उभा करणे किंवा वाळू ओतणेही टाळा. माती दाबली गेली की मुळे गुदमरतात.

एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना बूट आणि अवजारे धुवा. केळीच्या मर रोगाची टीआर-४ ही बुरशी मातीबरोबर प्रवास करते आणि जमिनीत कित्येक दशके टिकते. आधी ब्रशने चिखल खरवडायचा, मगच जंतुनाशक. चिखलावर ओतलेले जंतुनाशक वाया जाते. सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसा, रोगट झाड असेल तर प्रत्येक झाडानंतर.

संध्याकाळी फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा आणि धुणाऱ्याला ते कशाचे आहेत ते सांगा. वहीत औषध, वेळ, वारा आणि कोणत्या ओळी फवारल्या ते लिहा, बागेच्या तोंडाशी पुन्हा शिरण्याच्या वेळेची पाटी लावा. सकाळी रोवलेल्या काड्याही वहीतल्या नकाशावर उतरवून घ्या, म्हणजे पुढची तुकडी आच्छादन घेऊन आली की तिला त्या जागा ठाऊक असतील.