पडद्यावर सराव, पटावर पराभव : या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीतल्या मुलांना आज बुद्धिबळासाठी जोडीदार शोधत फिरावे लागत नाही. मोबाईलवर दिवसाला वीस-वीस डाव होतात आणि ऑनलाइन मानांकनही भराभर चढते. तीच मुले सांगली, कोल्हापूर किंवा हुबळीच्या स्पर्धेत लाकडी पटासमोर बसली की जिंकत आलेले डाव घालवून परततात. मुलगा घाबरला, असे पालक म्हणतात. मला मात्र कारण अधिक साधे दिसते : पडदा खेळाडूच्या वतीने जी कामे न सांगता करत असतो, ती पटावर त्याच्याच अंगावर येतात आणि ती करण्याची त्याला सवय नसते.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने जलद डावात प्यादे आठव्या घरात नेले आणि त्याच झपाट्यात घड्याळ दाबले. मोबाईलवर प्याद्याचा वजीर आपोआप होतो, म्हणून प्यादे उचलून तेथे वजीर ठेवायचा असतो हे त्याच्या ध्यानातच आले नाही. नियमानुसार ही अवैध चाल ठरते. त्या प्याद्याचा वजीरच केला जातो आणि प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात. अतिजलद डावात ही वाढ एका मिनिटाची असते, आणि दुसऱ्यांदा अवैध चाल झाली की सर्वसाधारणपणे डावच जातो. वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागावा. हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणण्याची जी पद्धत आपल्याकडे घरोघरी चालते ती स्पर्धेत चालत नाही; उलटा हत्तीही हत्तीच धरला जातो.

राजाला शह असताना तो शह न टाळणारी चाल पडदा करूच देत नाही. पटावर मात्र तशी चाल करून घड्याळ दाबता येते आणि दंडही होतो. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे, करताना दोन्ही हात वापरून घड्याळ दाबले तर तीही अवैध चाल मानली जाते, हे अनेक प्रशिक्षकांनाही ठाऊक नसते. एकाच हाताने आधी राजा दोन घरे सरकवावा, मग हत्ती उचलावा, आणि त्याच हाताने घड्याळ दाबावे. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचे कॅसलिंग त्या चालीत करता येत नाही आणि हत्तीच हलवावा लागतो.

सर्वांत महाग पडते ती हाताची चुळबुळ. पडद्यावर मोहऱ्यावर बोट ठेवून ते कुठे जाऊ शकते हे दाखवणारे ठिपके पाहायचे, मग दुसरे मोहरे निवडायचे, ही सवय इतकी मुरलेली असते की विचार करता करता हात आपोआप पटाकडे जातो. पटावर जाणूनबुजून हात लावलेले मोहरे चालवावेच लागते. मोहरे केवळ घरात नीट बसवायचे असेल, तर हात लावण्यापूर्वी ‘आय ॲडजस्ट’ म्हणावे. समोरचा मुलगा घोड्याला ‘कुदुरे’ म्हणणारा असो की ‘घोडा’, हे दोन शब्द दोघांनाही कळतात. चाल ठरेपर्यंत हात मांडीखाली दाबून ठेवणे, हा जुना उपाय मला अजूनही सर्वांत खात्रीचा वाटतो.

नजरेची अडचण वेगळी आहे. पडद्यावरचा पट वरून सपाट दिसतो. लाकडी पटावर उंच मोहऱ्यांमागे मागची घरे झाकली जातात, आणि कोपऱ्यातून निघणारा उंटाचा तिरका मारा हमखास निसटतो. शेवटची चाल दाखवणारा पिवळा रंगही तेथे नसतो. म्हणून स्पर्धेच्या महिनाभर आधी ॲपमधील वैध चालींचे ठिपके, शेवटच्या चालीची खूण आणि आपोआप वजीर होण्याची सोय बंद करावी, तसेच रोजची चार कोडी प्रत्यक्ष पटावर मांडून सोडवावीत. आठवड्यातून निदान एक डाव घड्याळ लावून, चाली लिहून खेळावा. चाल आधी करायची, मग लिहायची. आधी लिहून विचार करत बसणे नियमात बसत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. आपल्या चालीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि बरोबरी मागायची असेल, तर ती चाल पटावर न करता कागदावर लिहून पंचांना सांगावी लागते. काही संकेतस्थळांवर ही बरोबरी आपोआप होते, म्हणून मुले चाल करून, घड्याळ दाबून वाट पाहत बसतात. चुकीच्या मागणीलाही दोन मिनिटांचा दंड आहे. प्रतिस्पर्ध्याची वेळ संपली हेही आपणच पाहून सांगावे; पंचांचे लक्ष प्रत्येक पटावर असेलच असे नाही.

आजोबांकडून खेळ शिकलेल्यांची अडचण नेमकी उलटी असते. जुन्या देशी पद्धतीत राजाला एकदा घोड्याची उडी मिळे आणि प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. अशी मंडळी ऑनलाइन आली की ॲप चाल घेत नाही आणि बिघडल्याचा ठपका मोबाईलवर येतो. त्यांनी सेटिंगमध्ये ‘चालीची खात्री’ सुरू ठेवावी, म्हणजे बोट घसरून वजीर जाणार नाही. खानापूरकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाची असतात, आणि जोडणी तुटली तरी घड्याळ चालूच राहते. अशा दिवसांत तीन मिनिटांच्या डावांऐवजी प्रत्येक चालीला काही सेकंद वाढ देणारे दहा-पंधरा मिनिटांचे डाव निवडावेत.

मदतीबाबत घोळ ठेवू नये. दिवसाला एक चाल अशा संथ ऑनलाइन डावांत मोठ्या संकेतस्थळांवर सुरुवातीच्या चालींचे पुस्तक पाहायला मुभा असते. इंजिनला, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक प्रणालीला, तेथेही नसते, आणि घड्याळ लावून एका बैठकीत होणाऱ्या डावात दोन्हीला नसते. २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद यांच्याशी झालेल्या एका धर्मादाय ऑनलाइन डावात समोरच्या उद्योजकाने संगणकाची मदत घेतल्याचे नंतर स्वतःच मान्य केले होते. पटावर तर खिशात मोबाईल सापडला तरी, तो वापरला असो वा नसो, डाव जातो. २०१५ मध्ये दुबईत जॉर्जियाचा ग्रँडमास्टर गायोझ निगालिद्झे याचा फोन प्रसाधनगृहात लपवलेला सापडला आणि त्याला स्पर्धेतून काढण्यात आले. बसने एकट्या येणाऱ्या मुलांना घरी कळवण्यासाठी मोबाईल लागतोच. त्यांनी सभागृहात शिरण्यापूर्वी तो बंद करून ओळखीच्या मोठ्या माणसाकडे द्यावा, आणि तसे कुणी नसेल तर पहिल्या फेरीआधीच पंचांना विचारून ते सांगतील तेथे ठेवावा.