अ‍ॅक्सेस की गिटवर गेली तर
एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) की, म्हणजे प्रोग्रामला तुमचं खातं वापरू देणारा गुप्त कोड, गिटच्या सार्वजनिक रेपोत (कोडच्या साठ्यात) पुश झाली, तर कमिट (साठ्यातली ती नोंद) पुसत बसू नका. अशा की शोधणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) ती कधीच उचलून मोकळे झालेले असतात. आधी आयएएममध्ये (एडब्ल्यूएसमध्ये युजर आणि परवानग्या सांभाळणारी सेवा) की ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ करा. अ‍ॅप बंद पडेल, पडू द्या. एका युजरला दोन की ठेवता येतात, त्यामुळे नवी लगेच तयार करता येते.

बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात. जुन्या कीवरून कुणी तात्पुरतं सेशन (ठरावीक वेळेपुरता प्रवेश) घेतलं असेल, तर की बंद करूनही ते ३६ तासांपर्यंत चालू शकतं. म्हणून त्या युजरवर, टोकन (सेशनचा पास) दिल्याची वेळ तपासून जुनी सेशन अडवणारी ‘डिनाय’ पॉलिसी (परवानगी नाकारणारा नियम) लावा. मग क्लाउडट्रेलमध्ये (खात्यातल्या हालचालींच्या नोंदींत) अनोळखी युजर, की आणि सर्व्हर शोधा. तेही सगळ्या रीजनमध्ये (एडब्ल्यूएसच्या भौगोलिक विभागांत), कारण तुम्ही कधी उघडतही नाही अशा रीजनमध्ये क्रिप्टो मायनिंग बिनबोभाट चालतं.