ताप उतरला, पण अंगात हुशारी नाही: कामावर परतायचा हिशोब

व्हायरलचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो. जिभेला चव येते, आणि पाचव्या दिवशी माणूस डबा बांधून निघतो, कारण आणखी खाडा परवडत नाही. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी पाय गळतात, डोकं जड होतं, थांबलेला खोकला पुन्हा सुरू होतो. घरातले म्हणतात ऊन लागलं, वातावरण बदललं. बहुतेक वेळा कारण परवाच्या कामात असतं.

आजारानंतर अंगाला झेपेल त्याहून जास्त काम झालं, तर त्याचा त्रास १२ ते ४८ तासांनी, कधी तिसऱ्या दिवशीही दिसतो. म्हणून ‘आज बरं वाटतंय’ एवढ्यावर उद्याचं काम ठरवू नका. सोमवारचं काम झेपलं का, ते बुधवारी सकाळी कळतं. पुढचा सगळा हिशोब याच धाग्यावर आहे. आजार साधा होता, दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही, तरीही हे घडतं. बहुतेकांचा थकवा दोन ते चार आठवड्यांत जातो, पण ओढूनताणून काम केलं तर तो लांबतो.

घराबाहेर पडण्याआधी

पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप नसावा, ही पहिली अट. गोळीने दाबलेला ताप उतरला असं धरायचं नाही.

मग सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, ३० सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. तीन-चार दिवस वहीत लिहिलं की स्वतःचा नेहमीचा आकडा कळतो. एखाद्या सकाळी तो १० किंवा जास्तने वर असेल, तर त्या दिवशी काम कमी ठेवा. ही ढोबळ खूण आहे, पण उपयोगी आहे.

उठल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येत असेल तर आणखी एक तपासणी करा. पाच मिनिटं आडवं पडून नाडी मोजा. मग भिंतीजवळ उभे राहा, शेजारी घरातलं कुणीतरी असू द्या, आणि दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजा. मोठ्या माणसाचे ठोके ३० किंवा जास्तने वाढले आणि चक्कर, धडधड टिकून राहिली, तर तो आकडा डॉक्टरांना दाखवा. चक्कर वाढली तर दहा मिनिटांची वाट पाहू नका, लगेच बसा. अंगात पाणी कमी असलं तरी असंच होतं, म्हणून आधी नीट पाणी पिऊन दुसऱ्या दिवशीही मोजून बघा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवतात, आणि ते २४ तासांत संपवायचं. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपी किंवा शुगर असेल तर हे रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चालण्यापासून अर्ध्या हजेरीपर्यंत

सुरुवात दहा मिनिटं चालण्याने करा. वेग असा ठेवा की चालताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल. मग दोन दिवस तेवढंच. त्रास वाढला नाही तर १५ मिनिटं, मग २०, मग ३०. प्रत्येक पायरीवर दोन दिवस थांबायचं. अर्धा तास चालून पुढचे दोन्ही दिवस नेहमीसारखे गेले, तर अर्ध्या हजेरीने कामावर जा. तीन-चार दिवस अर्धा दिवस, मग पाऊण, मग पूर्ण. वजन उचलणं, उन्हातलं काम आणि रात्रपाळी सगळ्यात शेवटी.

त्रास वाढलाच, तर मागच्या पायरीवर या आणि अंग पूर्वीसारखं होईपर्यंत तिथेच राहा. ‘चालल्याने सैल होईल’ म्हणून रेटू नका. आखडलेल्या स्नायूला तो उपाय लागू पडतो, या थकव्याला पडत नाही.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: नाडी, किती तास काम, आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. दहा दिवसांत तुमची मर्यादा कागदावर दिसेल.

खानदेशात अडचण अशी की पावसाळ्यानंतरचे ताप आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येतात. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे माणूस झोळी भरेपर्यंत थांबत नाही. परतताना वजन ठरवू नका, वेळ ठरवा. सकाळी सात ते दहा, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं सावलीत, दहा वाजता घरी. झोळी अर्धी असली तरी घरी. सतत वाकून पुन्हा उभं राहण्याने चक्कर वाढते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात वेचण्यापेक्षा कापूस निवडणं किंवा गाठोडी बांधणं बरं. रावेर-यावलकडे केळीच्या कटाईत भरलेला घड २० किलोच्या पुढे जातो. तो खांद्यावर घेण्याआधी पूर्ण दिवसाचं हलकं काम सलग तीन-चार दिवस निभलेलं असावं. तोवर फण्या धुणं, पॅकिंग, मोजणी अशी कामं मुकादमाकडे मागा.

ट्रक, ट्रॅक्टर किंवा मशीन चालवणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यायची. आजारानंतर लक्ष विचलित होतं, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी, काही खोकल्याच्या औषधांनी झोप येते. अशी गोळी घेतली त्या दिवशी स्टिअरिंगवर बसू नका.

खोकला, धूळ आणि मिरची

व्हायरलनंतरचा कोरडा खोकला तीन ते आठ आठवडे राहू शकतो. श्वासनळीचं आतलं अस्तर अजून हुळहुळं असतं, म्हणून धूर, गार हवा, फोडणी, एवढ्यानेही ढास लागते. जिनिंगमधली कापसाची तूस, दालमिलची भुकटी आणि नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारी यांचा त्रास सर्वांत जास्त. मिरचीतला तिखटपणा खोकल्याच्या नसांनाच चेतवतो. बरा झालेला माणूस पथारीवर देठ खुडायला बसला आणि तासाभरात खोकून बेजार झाला, तर लगेच नवा आजार समजू नका. निदान दोन आठवडे त्याला वजनकाट्यावर किंवा वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणं बारीक धूळ अडवत नाही, नाकाशी घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. त्याने धाप लागत असेल, तर त्या कामाची वेळ अजून आलेली नाही.

ढास आली की ओठ मिटा, नाकाने सावकाश श्वास घ्या, आवंढा गिळा, कोमट पाण्याचा घोट घ्या. झोपण्याआधी चमचाभर मध आणि उशाला थोडा उंचवटा. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नका.

खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, तर तो कमी होत असला तरी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. टीबीची ही तपासणी मोफत असते. ‘व्हायरलचाच असेल’ म्हणून महिने काढलेली घरं गावोगाव सापडतात.

चिकनगुनिया आणि डेंग्यू

चिकनगुनियात सांधे आठवडे, कधी महिनेही दुखतात. मनगटं आणि घोटे सकाळी जास्त आखडतात, म्हणून विळा-खुरपं धरण्याआधी हात दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मूठ दहा वेळा उघडा-मिटा, आणि कामाची सुरुवात तासभर उशिरा करा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा तासांच्या अंतराने घ्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसाला चारच्या वर नको.

डेंग्यूचा ताप उतरतो ते पुढचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी: यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना.

सलाईन लावून ताकद येत नाही

५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. तोंडाने खाता-पिता येणाऱ्या माणसाला तिची गरज नसते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ‘ताकदीचं इंजेक्शन’ घेऊन एकदम तरतरी आली, तर त्यात स्टिरॉइड होतं का हे विचारा, त्याने शुगर चढते. त्या तरतरीत माणूस दोन दिवस रेटून काम करतो आणि तिसऱ्या दिवशी झोपतो. पैसे खाण्यावर घाला: मुगाची खिचडी, फुणके-कढी, कळण्याची भाकरी, शेंगदाणे, अंडी. ठेचा खोकला थांबेपर्यंत बाजूला.

कामाच्या ठिकाणी काय मागायचं

‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगितलं तर काहीच ठरत नाही. नेमकं मागा: “भाऊ, चार दिवस अर्धी हजेरी द्या, आठ दिवस वजनाचं काम नको, मग पूर्ण येतो.” सालदारानेही मालकाला असंच दिवस मोजून सांगावं. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापली जाते, त्यांनी तिथल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट पहिल्याच दिवशी घ्यावं. हजेरीच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस.

छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, ओठ निळे पडणं, शुद्ध हरपणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली, एकाच पायाला सूज: यात हजेरीचा विचार नको, १०८ ला फोन करा. गेलेला ताप परत आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नंदुरबार, धडगावकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, तर तापानंतरच्या हाडांच्या दुखण्याला अशक्तपणा समजून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

चार आठवड्यांनीही थकवा जागचा हलत नसेल, तर हिमोग्लोबिन, शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या, शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा. तपासणीला जाताना नाडीची वही सोबत न्या.