कर्ज फिटल्यानंतरची काटकसर : या चुका टाळा

२०१९ च्या मार्च महिन्यात आमचा शेवटचा हप्ता गेला. घराचे कर्ज, वडिलांच्या आजारपणात काढलेले वैयक्तिक कर्ज आणि दोन क्रेडिट कार्डांची थकबाकी हे सारे फेडायला आठ वर्षे लागली होती. तेव्हापासून नाशिकमधली ओळखीपाळखीची माणसे हिशेबाची वही घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्यात कर्जात बुडालेली माणसे असतातच; पण मला जास्त काळजी वाटते ती नुकत्याच ऋणमुक्त झालेल्यांची, कारण कर्ज असताना दर महिन्याच्या पाच तारखेला शिस्त लावायला बँक असते आणि कर्ज फिटल्यावर ते काम आपले आपल्यालाच करावे लागते. त्याच त्या चुका पाहून मन थकते, म्हणून त्या एकदा नीट लिहून काढत आहे. त्यांतली एक मी स्वतः दोन वर्षे केली आणि तिची किंमत माझ्या घरच्यांनी मोजली.

मोकळा झालेला हप्ता पगारात विरघळू देणे

बारा हजारांचा हप्ता संपला की पुढच्या महिन्यापासून खात्यात बारा हजार शिल्लक दिसतील, असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात तीन-चार महिन्यांनी ते पैसे कुठे गेले हे घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. बाहेरचे जेवण थोडे वाढते, मोबाईल बदलला जातो, किराणा महाग झाल्यासारखा वाटतो आणि वर्षअखेरीस शिल्लक तेवढीच राहते. ज्या पैशाला नाव दिलेले नसते तो पैसा घरात टिकत नाही, हे मी इतक्या वह्यांमध्ये पाहिले आहे की आता समोरच्याला पहिला प्रश्न तोच विचारतो : हप्ता संपला, त्या रकमेचे नाव काय ठेवले?

आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने सात वर्षे पै पै जोडून घराचे कर्ज फेडले. डबा घरचा, कपडे दिवाळीलाच, प्रवास बसने. शेवटचा हप्ता गेला आणि तिसऱ्याच महिन्यात त्याने गाडी घेतली. ‘नाही तरी हप्ता भरायची सवय आहेच,’ असे तो पेढे देताना म्हणाला होता, आणि हे वाक्य मी नंतर किमान दहा जणांच्या तोंडून ऐकले आहे. कर्ज सात लाखांचे, व्याज नऊ टक्के, मुदत सात वर्षे. म्हणजे महिन्याला सुमारे ११,२६० रुपये आणि मुदत संपेपर्यंत जवळजवळ ९ लाख ४६ हजार. वर विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग. दोन वर्षांनी त्याच्या पत्नीच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा हाताशी पैसे नव्हते, म्हणून कार्ड वापरले गेले. कार्डावरच्या थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त व्याज लागते. तो माझ्याकडे वही घेऊन आला तेव्हा गाडी सगळी मिळून चौदा हजार किलोमीटर चालली होती आणि तो पुन्हा तिथेच उभा होता, जिथून सात वर्षे चालत बाहेर आला होता.

त्याने गाडी घेतली याबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्या महिन्यात घेतली, याबद्दल आहे. ज्याला गाडी हवी आहे त्याला मी सांगतो की तो हप्ता वर्षभर स्वतःलाच भरावा. वर्षानंतरही गाडी तितकीच हवीशी वाटली, तर हातात लाख-सव्वा लाख रुपये असतील आणि कर्ज तेवढे कमी काढावे लागेल. बहुतेकांना वर्षभर थांबणे हा अपमान वाटतो, आणि त्या घाईतूनच पुढचे कर्ज जन्माला येते.

आमच्या घरी बारा हजारांचे तीन भाग केले आणि तारीख तीच ठेवली, महिन्याची पाच. सहा हजार पोस्टाच्या आवर्ती ठेवीत, साडेतीन हजार वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी (विमा, शाळेची फी, घरपट्टी, दिवाळी) वेगळ्या बचत खात्यात, आणि अडीच हजार घराच्या आनंदासाठी. पोस्टाच्या ठेवीचा दर ६.७ टक्के धरला, तर सहा हजारांप्रमाणे पाच वर्षांत भरलेले ३ लाख ६० हजार सुमारे ४ लाख २८ हजार होतात. यापेक्षा लवकर पैसे दुप्पट करून देणारी जागा कोणती, असे विचारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एक वर्ष एकही हप्ता न चुकवता ठेव भरून दाखवा आणि मग ते बोलणे करू, एवढेच सांगतो. आतापर्यंत फार थोडे परत आले आहेत.

याच संदर्भात ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दाबद्दल. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज कुठे प्रक्रिया शुल्कात असते, कुठे रोखीने घेतल्यास मिळणारी सवलत न देण्यात असते. कर्जातून बाहेर आलेल्या माणसाने मिक्सरसुद्धा हप्त्याने घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मिक्सरचे व्याज फारसे नसते हे खरे. पण त्यामुळे हप्त्याचे दार पुन्हा उघडते.

काटकसर आणि शिक्षा यांतला फरक विसरणे

ही माझी चूक. कर्ज फेडताना दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, ते पाहण्यात एक कैफ असतो. कर्ज फिटल्यावर तो कैफ संपतो आणि मोठी पोकळी निर्माण होते. काही जण ती पोकळी खरेदीने भरतात. मी ती नकाराने भरली. हप्ता संपल्यावरही दोन वर्षे मी घरात त्याच कडकपणे ‘नको’ म्हणत राहिलो, आणि बचत खात्यातला आकडा वाढताना पाहून मला तेच जुने समाधान मिळत राहिले.

करोनाच्या बंदीनंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या आणि मुलीच्या शाळेची रायगडाची सहल ठरली. वर्गणी अठराशे रुपये होती. सहलीचे पत्रक घरी आलेच नाही. ते मला महिनाभराने तिच्या भूगोलाच्या वहीच्या कव्हरखाली सापडले, तेव्हा सहल जाऊन आली होती. तिने शिक्षिकेला आपणहून सांगितले होते की आम्हाला जमणार नाही. मी विचारले, तेव्हा ती रागावली नाही की रडलीही नाही. ‘बाबा, तुम्ही नकोच म्हणाला असता,’ एवढेच बोलली आणि पुन्हा गृहपाठाला लागली. त्या दिवशी आमच्या खात्यात दोन लाख तीस हजार रुपये होते. पत्नीला मी रात्री हे सांगितले, तेव्हा कळले की तिनेही दोन वर्षांत माझ्याकडे काही मागणे सोडून दिले होते, आणि माहेरच्या एका लग्नाला ती तब्येतीचे कारण सांगून गेली नव्हती, कारण आहेराचा विषय माझ्यापुढे काढायचा नव्हता. कर्जाच्या काळात आम्ही दोघांनी मिळून गोष्टी नाकारल्या होत्या. नंतरच्या दोन वर्षांत मी एकटा नाकारत होतो आणि त्याला काटकसर म्हणत होतो.

वर जे अडीच हजार सांगितले, त्यांची सुरुवात या प्रसंगानंतर झाली. त्याआधी तेही ठेवीतच जात होते. त्यांचा नियम एकच आहे : ते साठवायचे नाहीत. महिना संपायच्या आत घरातल्या चौघांपैकी ज्याची पाळी असेल त्याने ते कशावर खर्च करायचे हे ठरवावे आणि बाकीच्यांनी त्यावर मत देऊ नये. आईने एकदा सगळे पैसे मोगऱ्याच्या कुंड्या आणि मातीवर खर्च केले. मुलीवर खर्च ठरवण्याची वेळ पहिल्यांदा आली, तेव्हा आम्ही रायगडाची एसटी पकडली.

असा साधा आनंद शोधत रविवारी बाहेर पडून पाहिलेल्या अनेकांची तक्रार असते की दोन-तीन रविवारांनंतर कंटाळा येतो. येणारच. वर्षानुवर्षे ज्याला फक्त हिशेब करण्याची सवय आहे, त्याला नदीकाठी स्वस्थ बसणे लगेच जमत नाही. आम्हालाही पहिले सहा महिने जमले नाही. सोमेश्वरच्या धबधब्याजवळ बसून मी मनात बसभाड्याची बेरीज करत होतो. तो काळ जाऊ द्यावा लागतो. एकवीस दिवसांत साधे जगणे शिकवण्याचे दावे करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

साध्या आनंदासाठीही आधी खरेदी करणे

फिरायला जायचे म्हणून सहा हजारांचे बूट, पक्षी पाहायचे म्हणून महागडी दुर्बीण, वाचायचे म्हणून आधी पुस्तकांचे कपाट. हे नवशिक्यांचे खास लक्षण आहे, आणि बूट कपाटात पडून राहतात. आधी तीन महिने आहे त्या चपलेने चालावे.

नाशिकपुरते सांगायचे, तर इथे आनंदाची सोय आधीपासून आहे आणि ती आपल्या डोळ्यांसमोर आहे म्हणूनच दिसत नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे; महिन्याच्या वर्गणीत जितकी पुस्तके वाचून होतात तितकी विकत घेण्याची ऐपत माझ्याकडे कधीच नव्हती. अनेक वाचनालये दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना काढतात, त्यामुळे एकही अंक विकत न घेता संक्रांतीपर्यंत वाचायला पुरते. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. संध्याकाळी पटांगणावर सतरंजीवर बसून ऐकायला एक रुपया लागत नाही. पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढाव्यात. हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या या पाणथळीला २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून मान्यता मिळाली आणि थंडीत तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. आम्ही चौघे शेजाऱ्यांकडून मागून आणलेली एकच दुर्बीण आळीपाळीने वापरतो. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासूनच प्रवास मोफत आहे, त्यामुळे आई, पत्नी आणि मुलगी यांच्यासह केलेली अशी सहल घरच्या डब्यासकट तीन-चारशे रुपयांत होते.

कागद न घेता मोकळे होणे

हप्ता संपला म्हणजे कर्ज संपले असे समजून लोक घरी जातात. नादेय प्रमाणपत्र (आता काही देणे उरले नाही असा बँकेचा दाखला) लेखी घ्यावे, बँक खात्यावरचा आपोआप कापून घेण्याचा आदेश रद्द केल्याची खात्री करावी आणि मूळ दस्तऐवज स्वतः मोजून ताब्यात घ्यावेत. पूर्ण परतफेडीनंतर मूळ कागद ३० दिवसांत परत देण्याचे आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ पासून घातले आहे, हे शाखेत शांतपणे सांगावे. शेतीवर कर्ज असेल तर सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांतला बोजा कमी करून घ्यावा. वाहन असेल तर त्याच्या नोंदणीतून बँकेचे नाव काढण्यासाठी आरटीओकडे फॉर्म ३५ द्यावा. सोसायटीत घर असेल तर भागपत्रावरची (शेअर सर्टिफिकेटवरची) बँकेची नोंदही काढून घ्यावी. वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीचा अहवाल मोफत मिळतो, तो पाहून खाते ‘क्लोज्ड’ आहे की ‘सेटल्ड’ हे तपासावे. सेटल्ड म्हणजे तडजोड, आणि तो शिक्का वर्षानुवर्षे त्रास देतो.

आणखी काही, थोडक्यात

कर्ज फिटल्याची बातमी नातेवाइकांत फार पसरवू नये, कारण पुढच्याच महिन्यात कोणीतरी जामीन राहण्याची विनंती घेऊन येते. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मी माझ्या सख्ख्या चुलतभावाला नाही म्हटले. जमेल तेवढे पैसे परत न घेण्याच्या बोलीवर दिले आणि संबंध टिकले.

नको असलेले कार्ड नुसते कापून टाकू नये. लेखी कळवून बंद करावे. थकबाकी नसेल तर बँकेने ते सात कामकाजी दिवसांत बंद केले पाहिजे.

स्वस्त मिळाले म्हणून पोत्याने किराणा भरू नये. वर्षाचे गहू उन्हात वाळवून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवणाऱ्या घराने ते जरूर करावे; दोन खोल्यांच्या घरात ऑफरमध्ये आणलेल्या डाळीला पावसाळ्यात किडे लागतात.

आरोग्य विमा आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाची गंगाजळी नसताना सगळी शिल्लक पंधरा वर्षांच्या योजनेत अडकवू नये.

घरात एकालाच पटले असेल तर

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, बहुधा पती किंवा पत्नी बरोबर आलेली नसताना. मी माझी रीत सांगतो. रविवारी दुपारच्या चहाबरोबर आम्ही वही उघडतो आणि वीस मिनिटांत मिटतो. गेल्या आठवड्याचे आकडे वाचायचे, पण ‘हे कशाला घेतले’ असे कोणी विचारायचे नाही. बोलायचे ते फक्त येणाऱ्या आठवड्याबद्दल. वही मी लिहीत नाही. सहलीच्या त्या पत्रकानंतर ती मुलीकडे दिली. आनंदाच्या खर्चासाठी तिने शेवटून एक पान राखले आहे आणि त्यावर रकमेपुढे ती एक ओळ लिहिते. गेल्या महिन्यात खर्च ठरवण्याची पाळी आईची होती. नोंद अशी आहे : बस ६०, भाजलेली कणसे ८०, गंगापूर धरणावर अंधार पडेपर्यंत बसलो, आजीने दोन ओव्या म्हटल्या.