रुंद खिडकी आणि सलग ब्लाइंडचा हट्ट

नव्या घरात आल्यावर आपली मंडळी दोन-दोन महिने खिडकीला चादर टाचून काढतात आणि मग एका रविवारी घाईघाईत ब्लाइंड, म्हणजे खिडकीच्या मापाचा गुंडाळता किंवा पट्ट्यांचा पडदा, मागवून मोकळी होतात. त्यापेक्षा चादर बरी. मापानं कापून आलेलं ब्लाइंड कुणी परत घेत नाही. तुम्ही लिहून दिलेला आकडा तो शेवटचा. "अहो, जरा बघा ना" हे इकडे चालत नाही, आणि खरं तर त्यात दुकानदाराचं काही चुकतही नाही.

आमच्या बाहेरच्या खोलीची खिडकी पावणेतीन मीटर रुंद. मधे फट नको, या हट्टापायी मी एकच सलग रोलर ब्लाइंड (वरच्या नळीवर गुंडाळलं जाणारं कापड) घेतलं, तेही बारीक नळीचं, कारण स्वस्त. काही आठवड्यांतच नळी कापडाच्या वजनानं मधे वाकली. कापडावर तिरप्या चुण्या पडल्या, गुंडाळताना ते एका अंगाला सरकायला लागलं, कड नळी धरणाऱ्या ब्रॅकेटला घासून दोरे निघाले. पैसे तर गेलेच, वर चार वर्षं ते वाकडं ध्यान पाहुण्यांसमोर मिरवलं. म्हणून सांगतो, खिडकी दोन मीटरच्या पुढे गेली की सलग नको. अगदीच हवं असेल तर जाड नळी मागा आणि ती किती रुंदीपर्यंत वाकत नाही ते लेखी घ्या. नाहीतर सरळ दोन-तीन तुकडे करा. कापड नळीच्या टोकांपेक्षा थोडं अरुंद असतं, त्यामुळे दोन ब्लाइंडच्या मधे उजेडाची फट राहतेच. ती खिडकीच्या मधल्या उभ्या दांड्यावर येईल असे भाग पाडा, म्हणजे डोळ्यांत खुपत नाही.

सरकत्या काचेच्या दाराला उभ्या पट्ट्यांचं घ्या. कचेरीसारखं दिसतं, पण प्रत्येक पट्टी सुटी लोंबते, वाकायचा प्रश्नच नाही. आडव्या लाकडी पट्ट्यांचं रुंद ब्लाइंड मात्र वर ओढताना हात भरून येतो.

चौकटीच्या आत बसवायचं असेल तर रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीनदा मोजा, मिलिमीटरमध्ये, आणि सगळ्यांत लहान माप द्या. भिंती दिसतात तेवढ्या सरळ नसतात. दुकानदाराला चौकटीचं माप हवंय की तयार ब्लाइंडचं, हे आधी विचारा. चौकटीचं असेल तर बसण्यापुरती सूट ते स्वतःच कापतात. तुम्हीही कापलीत, की दोन्ही बाजूंना बोटभर उजेड.

झिरझिरीत कापड दिवसा छान. रात्री दिवा लावला की बाहेरून सगळं दिसतं. लहान मुलं असतील तर लोंबती साखळी किंवा दोरी नकोच, गळ्याला फास बसतो. भाड्याच्या घरात भोक पाडण्याआधी मालकाला विचारा.

आणि मोजायला दोघं लागा, एक टेप धरायला, एक लिहायला. आमच्याकडे दोघंही टेपच धरून होतो.